भागिले काय?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी चेअरमनकाकांनी सोसायटीच्या ग्रुपवर दोन बिलांचे फोटो टाकले. एक आमच्या कॉमन मीटरचं, 22,400 युनिट. दुसरं शेजारच्या सोसायटीचं, 11,600 युनिट. खाली एकच ओळ: "बिल्डिंग आपली नवी, आणि बिल त्यांच्या दुप्पट. कसं काय?"

पुढच्या अर्ध्या तासात सत्तरेक मेसेज पडले. कोणी बिल्डरला धरलं, कोणी स्विमिंग पूलला, कोणी लिफ्टमध्ये खेळणाऱ्या पोरांना. एका गृहस्थांनी सुचवलं की चौथ्या मजल्यापर्यंतच्या लोकांनी जिना वापरावा. ते स्वतः सव्विसाव्यावर राहतात. शेवटी कोणाला तरी आठवलं की एकोणिसाव्या मजल्यावरची बाई याच कामाचे पैसे घेते.

ती बाई मी. एनर्जी ऑडिटर आहे. मराठीत ऊर्जा लेखापरीक्षक म्हटलं की लोकांना मी सीए वाटते आणि ते टॅक्सचं विचारतात, म्हणून मी इंग्रजीच सांगते. दिवसभर ऑफिसांची, हॉस्पिटलांची, मॉलची बिलं चिवडायची आणि संध्याकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी यायचं. स्वतःच्या बिल्डिंगचं कॉमन बिल मात्र ताबा मिळाल्यापासून एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. डॉक्टरच्या घरातली माणसं आजारी पडतात ती अशीच.

काकांना मी लिहिलं, "भागिले काय?"

त्यांना वाटलं मी चुकून दुसऱ्याच ग्रुपवरचा मेसेज इथे टाकला.

माझ्या धंद्यातलं निम्मं शहाणपण या दोन शब्दांत आहे. नुसते युनिट म्हणजे अंश. छेद सांगितल्याशिवाय दोन इमारतींची तुलना करणं म्हणजे पाच जणांच्या आणि पन्नास जणांच्या घरातला किराणा समोरासमोर ठेवून कोण उधळ्या ते ठरवणं. ऑडिटर लोक युनिटांना क्षेत्रफळाने भागतात. वर्षाचे एकूण युनिट भागिले बांधकामाचे चौरस मीटर, याला ईपीआय म्हणतात, एनर्जी परफॉर्मन्स इंडेक्स. गाडीचं अॅव्हरेज असतं तसं इमारतीचं. गाडीच्या अॅव्हरेजबद्दल शोरूममध्ये जे बोललं जातं आणि घाटात जे मिळतं त्यात जो फरक असतो, तोही इथे तसाच असतो.

भागायच्या आधी एक विनोद सांगून टाकते. ट्रेझररसाहेब खाली जाऊन स्वतः मीटरचं रीडिंग घेऊन आले होते. मागच्या महिन्याचं वजा करून फरक आला 560. बिलात 22,400. त्यांनी लाल अक्षरात "चाळीस पट!!!" असं लिहून एक्सेलची शीट पाठवली आणि लूट सिद्ध झाली असं जाहीर केलं. मोठ्या लोडच्या मीटरमधून सगळा करंट जात नाही. मध्ये सीटी बसवलेले असतात, म्हणजे मोठ्या करंटची लहान नक्कल मीटरला देणारे ट्रान्सफॉर्मर. आमचे 200/5 चे आहेत. 200 ला 5 ने भागलं की 40 येतात. मीटरवरचा आकडा 40 ने गुणायचा, बिलावर तो मल्टिप्लायिंग फॅक्टर छापलेलाही असतो. 560 गुणिले 40 बरोबर 22,400. साहेब बँकेतून निवृत्त झालेत, लगेच समजलं. पण ती शीट तोपर्यंत तीन ग्रुपांवर गेली होती आणि आजही अधूनमधून परत येते.

आता भागाकार. आमच्या टॉवरमध्ये 216 फ्लॅट. शेजारी 168. युनिटांना फ्लॅटांनी भागलं तर आमचे महिन्याला घरटी 104, त्यांचे 69. म्हणजे दुप्पट नाही, दीडपट. काका जरा शांत झाले. पण आमच्याकडे तेव्हा राहायला आलेली कुटुंबं फक्त 96 होती. बाकीच्या फ्लॅटांत कोणाचं फर्निचर चाललेलं, कोणाला भाडेकरू मिळत नव्हता, काही विकलेच गेले नव्हते. 96 ने भागलं की घरटी 233. म्हणजे शेजाऱ्यांच्या सव्वातीनपटीहून जरा जास्तच. काका परत अशांत.

मग क्षेत्रफळ. पार्किंग सोडून आमचं बांधकाम साधारण 24,000 चौरस मीटर, त्यांचं 13,500. महिना बाराने गुणणं बरोबर नाही खरं तर, पण कॉमन मीटरला ऋतू फारसे नसतात, म्हणून केलं. आमचे वर्षाला चौरस मीटरमागे 11.2 युनिट. त्यांचे 10.3.

जवळजवळ सारखेच!

एकच बिल. दुप्पट, दीडपट, सव्वातीनपट आणि सारखंच, ही चारही उत्तरं गणिताच्या दृष्टीने बरोबर. ट्रेझररांना पाचवंही सापडलं. क्षेत्रफळात पार्किंग धरलं तर आपले 36,000 मीटर होतात आणि आकडा 7.5 वर येतो, म्हणजे आपणच शेजाऱ्यांपेक्षा भारी, वार्षिक सभेत हाच मांडू या, असं त्यांचं म्हणणं. हे करू नका म्हटलं. पार्किंग छेदातून वगळतात ते याचसाठी. धरलं तर ज्याचं तळघर मोठं तो आपोआप काटकसरी ठरतो. आणि आपल्याकडे क्षेत्रफळ म्हणजे तरी कोणतं? कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप. एकाच फ्लॅटची तीन मापं आपण गेली कित्येक वर्षं गुण्यागोविंदाने वापरतोय. माझ्याकडे आलेल्या रिपोर्टांतली निम्मी भांडणं विजेची नसतातच, छेदाची असतात.

तर छेद बदलून काकांचं समाधान होण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. 11.2 आणि 10.3 जवळ आहेत म्हणून आम्ही ठीक, असं होत नाही. एक तर शेजारची इमारत आदर्श आहे असं कोणी सांगितलं? दुसरं म्हणजे आमचे अर्धेअधिक फ्लॅट रिकामे असताना हा आकडा येतोय. आणि काही फरक तर रास्तच आहेत. ते 14 मजली, आम्ही 31. हजार लिटर पाणी 95 मीटर वर चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाव युनिटच्या थोडं वर लागतं, आणि पंप-मोटरची गळती धरून जवळपास अर्धा. त्यांना याच्या निम्म्यात भागतं. त्यांच्या गाड्या स्टिल्टमध्ये मोकळ्या हवेत उभ्या, आमच्या दोन बेसमेंट आणि दोन पोडियमवर. तिथे दिवसा बारा वाजताही दिवे लागतात, पंखे लागतात. पूल त्यांना नाही. उंचीचा आणि हौसेचा दंड आम्ही भरणारच. प्रश्न असा होता की दंड किती आणि वाया किती.

हे बिलावरून कळत नाही. रात्री कळतं.

एका शुक्रवारी रात्री एक वाजता मी टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखं धरून करंट मोजायचं यंत्र), वही आणि थर्मासमध्ये चहा घेऊन मीटर रूममध्ये गेले. नवरा म्हणाला, "ऑफिसातसुद्धा एवढं करत नाहीस." बसायला काही नव्हतं. कोपऱ्यात रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा होता, तो पालथा घातला. मीटरचा डिस्प्ले एकामागून एक आकडे दाखवत फिरत असतो: तारीख, व्होल्टेज, तीन फेजचा करंट, पॉवर फॅक्टर, किलोवॅट. दर पंधरा मिनिटांनी किलोवॅट आला की लिहायचा आणि चाळीसने गुणायचा. वॉचमनकाका दोनदा येऊन बघून गेले. दुसऱ्यांदा येताना त्यांनी डासांची अगरबत्ती आणली.

एक ते चार या तीन तासांत लिफ्ट चार वेळा चालली. पंप बंद. क्लबहाउस बंद. सगळी बिल्डिंग झोपलेली. आणि मीटर सांगत होतं, 22 किलोवॅट. सव्वाला 22, दीडला 22, दोनला 21.8. काही म्हणता काही हलत नव्हतं. म्हणजे या इमारतीत एकही माणूस राहायला नसता, तरी एवढी वीज चालूच राहिली असती. सकाळी हिशेब केला तर महिन्याच्या बिलातला दोन तृतीयांश भाग हाच निघाला. सत्तर मेसेजांत ज्या लिफ्टवर आणि पोरांवर खापर फुटलं होतं, त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता.

मग एकेक फीडर, म्हणजे इमारतीच्या एकेका भागाकडे जाणारी केबल, टाँगमध्ये धरून बघितला. पार्किंगचे दिवे साडेसात किलोवॅट. 18 वॅटच्या चारशेवीस एलईडी नळ्या, एकाही सर्किटला टायमर नाही, सेन्सर नाही. एलईडी आहेत म्हणून कोणी विचारच केला नव्हता. जिना आणि लॉबी, दोनच्या आत. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, पावणेनऊ.

एसटीपीवर रात्री एक पोरगा असतो, परभणीकडचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. ब्लोअर दोन आहेत, एक चालवायचा आणि दुसरा राखीव. दोन्ही धडधडत होते.

"दोन्ही कशाला रे?"

"मॅडम, मागं वासाची कंप्लेंट आली व्हती. तवापासून दोन्ही चालू ठिवा म्हनलेत."

"कधीपासून?"

"मी आल्यापासून तर चालूच हायेत."

टाकीतल्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, तो ब्लोअर देतात. पाण्यात लिटरला 2 मिलीग्रॅमच्या आसपास विरघळलेला असला की त्यांचं भागतं. आमचा प्लँट 216 घरांच्या सांडपाण्यासाठी बांधलेला आणि येत होतं 96 घरांचं. जिवाणू उपाशी होते, आणि आम्ही त्यांना जेवणाच्या जागी दुप्पट वारा घालत होतो. वासाचं कारण वेगळंच निघालं, एका चेंबरचं झाकण नीट बसत नव्हतं.

बारीकसारीक फीडर धरून एवढी सगळी बेरीज करूनही तीन किलोवॅट उरत होते. अंधार असेतो होते, उजाडल्यावर गेले. त्या केबलवर काही लेबल नव्हतं. शनिवारी सकाळी इलेक्ट्रिशियनला घेऊन आम्ही ती शाफ्टमधून मजल्यामजल्याने वर शोधत गेलो. एकतिसाव्यावरून गच्चीवर, आणि गच्चीवरून थेट बिल्डरच्या नावाच्या पाटीत. घोडबंदर रोडवरून दोन किलोमीटर अंतरावरून दिसते ती निळी पाटी. आम्ही तिच्याखाली उभे राहून एकमेकांकडे बघत होतो. त्याच केबलच्या सातव्या मजल्यावरच्या फाट्यावर तीन सॅम्पल फ्लॅट होते, आणि त्यांचे सहा एसी गिऱ्हाइकं येवोत न येवोत सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. एकूण दिवसाला नव्वद युनिट. ताबा दिल्यानंतर स्वतंत्र मीटर घ्यायचं राहून गेलं, असं साइटवरच्या माणसाने सांगितलं. राहून गेलं!

काकांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. फोन केला. "ताई, हे तुमच्या त्या बेंचमार्कात, म्हणजे तुलनेच्या हिशेबात, येतं का?" येतं, म्हटलं. छेद ठरवायच्या आधी अंशात कोणाकोणाचं काय मिसळलंय ते बघायचं असतं. ऑस्ट्रेलियात नेबर्स म्हणून इमारतींना तारे देणारं रेटिंग आहे, 1998 साली न्यू साउथ वेल्समध्ये सुरू झालेलं. त्यात ऑफिसच्या इमारतीचे दोन वेगळे हिशेब करतात. लिफ्ट, लॉबी, मध्यवर्ती एसी हा मालकाचा, आणि आत बसणाऱ्या कंपन्यांचे दिवे-कॉम्प्युटर हा भाडेकरूंचा. कोणाच्या मीटरवर काय आहे हे मिटल्याशिवाय तारे मिळत नाहीत. आमच्याकडे बिल्डर, सोसायटी आणि एसटीपीचा ठेकेदार तिघं एका मीटरवर नांदत होते आणि पैसे तिसऱ्या मजल्यावरची पेन्शनर आजी देत होती.

नव्या इमारतीची खरी गोम अशी की तिला मागचं वर्ष नसतं. जुन्या इमारतीला निदान स्वतःशी तुलना करता येते. नव्या इमारतीबद्दल मग आकडे येतात ते ब्रोशरमधून आणि सिम्युलेशनमधून. सिम्युलेशनला मी नावं ठेवत नाही, मीही करते. पण त्यात काय होतं ते बाहेर कोणाला माहीत नसतं. आपल्या ईसीबीसी कोडमध्ये, म्हणजे मोठ्या व्यावसायिक इमारतींसाठीच्या ऊर्जा संहितेत, एक मार्ग असा आहे की कॉम्प्युटरमध्ये तुमची इमारत उभी करायची आणि तिच्या शेजारी तिची एक जुळी बहीण उभी करायची. तेवढीच मोठी, तेवढीच माणसं, तेच कामाचे तास, फक्त भिंती, काचा, दिवे आणि एसी कोडने सांगितले तेवढ्यापुरतेच. तुमचा ईपीआय तिच्यापेक्षा जास्त नसला की पास. "30 टक्के बचत" असं लॉबीत पितळी पाटीवर कोरलेलं असतं ना, ती बचत बहुतेक वेळा या बहिणीच्या तुलनेत असते. ती बहीण कधी जन्मलीच नाही. तिला कधी बिल आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐरोलीतल्या एका नव्या काचेच्या इमारतीच्या मालकाने मला असंच बोलावलं होतं. डिझाइनच्या वेळचा ईपीआय 82. पहिल्या पूर्ण वर्षाचा बिलावरून आलेला, 161. मालक आर्किटेक्टवर केस करायच्या गोष्टी करत होता. फ्रिज-एसीवर तारे देणाऱ्या सरकारी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने 2009 मध्ये ऑफिसांसाठी तारे आणले. त्या मापात मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत बहुतांश एसी असलेल्या इमारतीला 100 च्या खाली पाच तारे, आणि मग दर पंचवीस युनिटांना एक तारा कमी. म्हणजे कागदावर पाच, बिलावर दोन. हे तारे एका वर्षाच्या प्रत्यक्ष वापरावर देतात, ही त्या योजनेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आश्वासनाला तारा नाही.

पण मी आत जाऊन बघितलं तर सहापैकी सहा मजले कॉल सेंटरला दिलेले. डिझाइन करताना धरलं होतं दिवसाला दहा तास, आठवड्याला पाच दिवस. प्रत्यक्षात पाच दिवस, पण चोवीस तास. वर्षाचे 2,600 तास धरले होते ते झाले 6,240. मग तासानेही भागायचं. डिझाइनमध्ये चौरस मीटरला तासाला साडेएकतीस वॅट-तास, प्रत्यक्षात सव्वीसच्या आत. इमारत ठरल्यापेक्षा वाईट नव्हती, तासाच्या मापाने उलट थोडी सरसच होती. तिला फक्त झोपू देत नव्हते. बीपीओसाठी ब्युरोने हे तासाचं माप वेगळं ठेवलंय ते उगाच नाही. मालकाला हे पटवायला मला दोन मीटिंगा लागल्या. केस झाली नाही. माझं बिल मात्र सात महिन्यांनी निघालं.

भागाकारात मोठमोठे फसतात. अमेरिकेत लीड हे हरित इमारतींचं प्रमाणपत्र मिळालेल्या 121 नव्या इमारतींच्या खऱ्या बिलांचा 2008 मध्ये अभ्यास झाला आणि या इमारती देशातल्या इतर इमारतींपेक्षा 24 टक्के कमी ऊर्जा वापरतात असा निष्कर्ष निघाला. मग टीकाकारांनी दाखवून दिलं की लीडवाल्यांचा मध्यक घेतलाय आणि बाकीच्यांची सरासरी. मध्यक म्हणजे रांगेतला मधला, सरासरी म्हणजे सगळ्यांची बेरीज भागिले संख्या. प्रयोगशाळेसारख्या दोनचार खादाड इमारती सरासरी वर ओढतात, मध्यक जागचा हलत नाही. वर्गातल्या मधल्या मुलाचे मार्क आणि शेजारच्या वर्गाची सरासरी कोणी समोरासमोर ठेवत नाही. त्यावरून जे वाद पेटले ते पुढे कित्येक वर्षं चालले. ट्रेझररसाहेबांना हा किस्सा सांगितला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर फार समाधान दिसलं.

आता घरातली एक गोष्ट. कॉमन मीटर काही झालं तरी इमारतीचा लहान तुकडा, खरी वीज 216 घरांच्या आत जाते आणि त्यातली मोठी एसीत. म्हणून मी एका रविवारी नियमाची पट्टी घेऊन माझी बेडरूम मोजली. घरांसाठीची ऊर्जा संहिता, इको निवास संहिता, 2018 च्या डिसेंबरमध्ये आली. तिच्यात भिंती आणि काचांमधून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे, चौरस मीटरला 15 वॅट. आणि आमच्यासारख्या दमट हवेत घराच्या कार्पेटच्या एक षष्ठांश एवढी जागा उघडता आली पाहिजे. हा हिशेब पूर्ण घराचा करतात, पण मी माझ्या खोलीपुरता केला. खोली 3 बाय 3.6, म्हणजे 10.8 चौरस मीटर. खिडकी दीड मीटर बाय 1.35, दोनच्या जरा वर. एक षष्ठांश म्हणजे 1.8. पास!

नाही. खिडकी दोन ट्रॅकची स्लायडिंग आहे. दोन पल्ले, एक सरकवला की दुसऱ्यावर जाऊन बसतो. कधीच निम्म्यापेक्षा जास्त उघडत नाही. उघडणारी जागा एक चौरस मीटर, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्याही आत. काच दोन मीटरची, आणि तीही पश्चिमेला. ऊन दोन मीटरमधून आत येतं आणि वारा एकामधून. माझ्या आजोळी लाकडी झडपांची खिडकी होती, उघडली की अख्खी उघडायची. तिला कोणी ईपीआय विचारला नव्हता. इथे मात्र एप्रिलमध्ये नऊ वाजता एसी लावल्याशिवाय त्या खोलीत पाय ठेववत नाही.

अख्ख्या इमारतीचा ईपीआय काढायला मला सगळ्या घरांचे युनिट हवे होते. ग्रुपवर मागितले. अकरा जणांनी दिले. एकाने विचारलं, "हे इन्कम टॅक्सला जाणार का?" न्यूयॉर्कमध्ये 2009 च्या कायद्याने मोठ्या इमारतींना दरवर्षी आपला वापर जाहीर करावा लागतो आणि आता तर ए, बी, सी अशी ग्रेड दारावर लावावी लागते, तिथल्या खानावळींच्या स्वच्छतेच्या ग्रेडसारखी. आमच्या लॉबीत तशी पाटी लागली तर काका आधी फ्रेम कुठली ते विचारतील.

बाकी कामं मार्गी लागली. पाटी आणि सॅम्पल फ्लॅट बिल्डरने महिनाभर कुरकुर करून स्वतःच्या मीटरवर नेले. मागच्या युनिटांच्या पैशांवर पत्रव्यवहार चालू आहे, चालू राहील. ब्लोअर आता आळीपाळीने एकच. पार्किंगमध्ये तीनातल्या दोन नळ्यांना मोशन सेन्सर, एक नळी कायम, कारण पूर्ण अंधाराला बायकांनी सभेत विरोध केला आणि तो बरोबर होता. मे महिन्याचं बिल आलं 13,700. काकांनी ग्रुपवर हात जोडलेले आठ इमोजी टाकले.

मग दिवाळीत घरं भरली. फेब्रुवारीतल्या 96 कुटुंबांची मेपर्यंत 104 झाली होती, ती आता 152 झाली. पाणी वाढलं, लिफ्ट वाढली, क्लबहाउसमध्ये वाढदिवस सुरू झाले. नोव्हेंबरचं बिल 15,500. रविवारी सकाळी पुन्हा फोटो. "बिल परत वाढलं! सेन्सर खराब आहेत का?"

मी उत्तर टाइप करत होते, तेवढ्यात ट्रेझररांचा मेसेज आला. "मे: 13,700 भागिले 104 घरं, 132. नोव्हेंबर: 15,500 भागिले 152 घरं, 102. कमी झालंय." खाली शीट जोडलेली. या वेळी लाल अक्षरं नव्हती.

परवा शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई भाजीवाल्याकडे भेटल्या. क्षेत्रफळाच्या हिशेबात आमचं आता त्यांच्यापेक्षा कमी येतंय, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "आमचं रात्रीचं बघता का हो एकदा?" म्हणाल्या. शनिवारी एक वाजता जायचं ठरलंय. मीटर रूमची चावी त्या काढून ठेवणार आहेत, टाँग टेस्टर माझ्याकडे आहे. बसायला डबा आहे का ते विचारायचं राहिलं.